पहिला तास

बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मगाचा आवाज येत होता, पण तो अंघोळीचा नव्हता. अंघोळ करताना मग ड्रममध्ये बुडतो, वर येतो, पाणी अंगावरून फरशीवर आपटतं आणि जाळीतून गळगळत निघून जातं. इथे मग बुडत होता आणि त्यानंतर काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा बुडत होता. मृणालिनीनं खांद्यावरची पर्सही न काढता दार ढकललं. दशरथ, तिचा नवरा, अंघोळीच्या स्टुलावर बसला होता. अंगात बनियन, लेंगा घोट्याच्या वर दुमडलेला. निळ्या ड्रमवर वाकून, लाल प्लॅस्टिकचा मग दोन्ही हातांनी धरून तो पाणी पीत होता. कालच्या टँकरचं पाणी होतं ते. तळाशी तांबूस गाळ बसलेलं, भांड्यांना आणि संडासाला म्हणून वेगळं ठेवलेलं. तिला पाहून तो लगेच थांबला नाही. आधी तोंडातला घोट गिळला, घाईघाईनं, बाई वर्गात यायच्या आत मुलानं डब्यातला घास संपवावा तसा, आणि नंतर थांबला.

"लाइट गेलीय," तो म्हणाला. "फार उकडत होतं."

"आणि म्हणून हे पाणी? लाज नाही वाटत चोरून प्यायला?"

त्यानं हनुवटी दंडाला पुसली. तिनं त्याच्या हातातला मग ओढून घेतला, आणि त्यानंतर जे केलं ते तिचं तिलाच दिसत राहिलं, त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी वर्गात, आणि शनिवारी रिक्षात. मग अर्धा भरलेला होता. तो ड्रममध्ये परत ओतता आला असता. मीरा रोडच्या त्या इमारतीत बादलीभर पाण्यावरून जिन्यात भांडणं होत होती, तिथे कुणीही तेच केलं असतं. तिनं तो त्याच्या पायांसमोर, फरशीवर रिकामा केला. सावकाश, धार बारीक राहील अशा बेतानं. तो त्या धारेकडे बघत राहिला, आणि धार संपल्यावर जाळीकडे.

संध्याकाळी लाइट आली. तिनं त्याला पलंगावर बसवलं आणि रोजच्यासारखा त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथे खळगा राहिला, मऊ मेणावर राहावा तसा, आणि तो भरून यायला वेळ लागला. दशरथची किडनी निकामी होऊन दोन वर्षं होत आली होती. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडायची वाट जवळजवळ बंद झाली होती. मंगळवारी आणि शनिवारी बोरिवलीच्या डायलिसिस सेंटरमधलं मशीन ते ओढून काढी. मधल्या दिवसांत जे पोटात जाईल ते पायांत, पापण्यांखाली, आणि प्रमाण सुटलं की छातीत साचायचं. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर सांगितलं होतं, चहा, आमटी, दूध सगळं धरून. मृणालिनी भाईंदरच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. अर्धा लिटर म्हणजे किती हे तिला कुणी दाखवायला नको होतं. कॉलेजातून तिनं एक जुना मोजपात्राचा ग्लास मागून आणला होता, कड थोडी उडालेला, आणि तो फ्रिजवर ठेवला होता. "बघा," ती नडगीकडे बोट दाखवून म्हणाली. "बघा काय करून घेतलंत." त्यानं बघितलं. लेंगा खाली ओढून घेतला आणि म्हणाला, "दुपारचं माझं धर त्यात. रात्री आमटी नको मला." हे असं तो म्हणायचा. भांडायचा नाही. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

लग्न झालं तेव्हा तो वरून पाणी प्यायचा. तांब्या तोंडाला न लावता, मान मागे टाकून, धार सरळ घशात सोडायची आणि कंठमणी वरखाली होत राहायचा. म्हसळ्याला त्यांच्या घरी सगळेच असे पीत. तिला पहिल्यांदा ते ओंगळ वाटलं होतं, नंतर आवडायला लागलं, आणि एका दुपारी उत्तनला गेले असताना फारच आवडलं. तेव्हा ते परळच्या खोलीत राहत होते, मीरा रोडला जागा घ्यायचं नुसतं बोलणं चाललं होतं आणि रविवारी इकडची बाजू बघायला म्हणून आले होते. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वास इतका दाट की श्वासाबरोबर जिभेवर मीठ येत होतं. एका कोळीणबाईकडे त्यानं पाणी मागितलं. ती म्हणाली, "पानी हाय, पन गोडं न्हाय, खारट लागंल." त्यानं कळशीच कलती करून घेतली, उभ्यानं, उन्हात, आणि धार चुकून त्याच्या शर्टावर सांडली, आणि तो हसला, तोंडात पाणी असताना. ती बाई पण हसली. मृणालिनीला आठवलं, आपण त्या वेळी त्याच्या गळ्याकडे पाहत होतो आणि त्या परक्या बाईसमोर आपल्याला लाजल्यासारखं झालं होतं. आता त्या गळ्यावर कॅथेटरच्या नळीचा व्रण होता. आता तिचा हात त्याच्या अंगाला लागायचा तो नडगीवर अंगठा दाबण्यापुरता, आणि मशीनवर जायच्या आधी वजनकाट्यावर चढताना दंडाला आधार देण्यापुरता.

बर्फाची युक्ती तिचीच. तहान आवरेना झाली की ती बर्फ फोडून एका वाटीत द्यायची. बर्फात पाण्याचे रेणू एकमेकांना ठराविक अंतरावर धरून बसलेले असतात, मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून तेवढंच पाणी बर्फ झालं की जास्त जागा घेतं आणि म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. दरवर्षी फळ्यावर सांगायची ती हे. वाटी भरलेली दिसायची आणि पाणी कमी जायचं. पहिल्यांदा दिली तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "एवढा?" असं म्हणाला होता तो. तिनं त्याला पोकळ्यांचं काही सांगितलं नाही. त्या वेळी ते शहाणपणाचं वाटलं होतं. आता, बाथरूमची फरशी कोरड्या फडक्यानं पुसून घेताना, आपण त्याला फसवत होतो असं तिच्या मनात आलं, आणि तो प्रत्येक वाटीला "एवढा?" म्हणायचा तेही आठवलं. समोरच्या हंसाबेननी त्याच वेळी बेल वाजवली. "भाभी, कल टँकर सुबह आयेगा, ड्रम खाली रखना." बाथरूमच्या उघड्या दारातून ड्रमकडे बघून म्हणाल्या, "अरे, इतना पानी बाकी है? नसीबवाले हो." मृणालिनी हसली. हंसाबेन गेल्यावर तिनं स्वयंपाकघरात जाऊन, दाराकडे पाठ करून, माठातलं पाणी ग्लासभर प्यायलं. एका हातानं ताटल्या वाजवत राहिली, गिळल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. दोन वर्षं ती अशीच पाणी पीत होती. त्याच्यासमोर प्यायलं तर त्याला त्रास होईल म्हणून, असं तिनं स्वतःला सांगून ठेवलं होतं. त्या घरात दोघंही चोरून पाणी पीत होती, आणि रागवायचा हक्क मात्र एकटीचा होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कॉलेजात बारावीच्या मुलांची मे महिन्यातली जादा बॅच होती. वर्गाच्या खिडकीतून मिठागरं दिसत. खाडीचं पाणी चौकोनांत अडवलेलं, उन्हानं आटत चाललेलं, कडेला मिठाचे पांढरे ढीग. तिनं फळ्यावर मध्ये ऑक्सिजन काढला, दोन बाजूंना दोन हायड्रोजन, सरळ रेषेत नाहीत, वाकलेले. "ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचतो," ती म्हणाली. "भागीदारी आहे, पण समान नाही. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार येतो, हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बॉंड. हा नसता तर पाणी या खोलीत वायू असतं. गंधक ऑक्सिजनच्याच कुटुंबातला, पण त्याचं हायड्रोजनशी झालेलं संयुग वायूच असतं ना? सडक्या अंड्याच्या वासाचं? तसंच." हे ती इतकी वर्षं सांगत आली होती की बोलताना मन मोकळं असायचं, दुसरीकडे जायचं. आज ते बाथरूममध्ये गेलं. निशिगंधा नावाची एक हुशार मुलगी पहिल्या बाकावर बसायची. तिनं हात वर केला.

"मॅडम, हा बॉंड वीक असतो ना. लगेच तुटतो. मग पाणी एकत्र कसं राहतं?"

"तुटतो आणि लगेच दुसऱ्याशी जुळतो. एकेक वीक आहे, पण सगळे एकदम तुटत नाहीत. उकळायला इतका वेळ लागतो तो त्यामुळेच."

निशिगंधानं ते लिहून घेतलं आणि बाकाखालून पाण्याची बाटली काढून तोंडाला लावली. खोली तापलेली होती, पंखा गरम हवाच फिरवत होता. मुलीनं मान मागे टाकली, आणि तिचा गळा हलताना दिसला, आणि मृणालिनीच्या तोंडून शब्द निघाले तेव्हा ते तिनं ठरवून काढलेले नव्हते.

"बाटली खाली ठेव. लाज नाही वाटत, तास चालू असताना?"

मुलीनं तोंडातला घोट घाईनं गिळला. बाटली खाली गेली. निशिगंधाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडूही नव्हतं. नुसती भीती होती, आणि त्या भीतीमागे पुढच्या वेळी दिसणार नाही अशा बेतानं प्यायचं, असा विचार सुरू झालेला होता. मृणालिनीला तो विचार ओळखू आला. तो काल दुपारी तिनं पाहिला होता, पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या तोंडावर. ती फळ्याकडे वळली आणि काढलेलाच रेणू पुन्हा गिरवत राहिली. खडू मोडला. "प्या," ती पाठमोरीच म्हणाली. "तहान लागली असेल तर प्या सगळ्यांनी." कुणीच बाटली काढली नाही.

घरी परतताना ती रिक्षा न करता चालत निघाली आणि वाटेत तिला काशीमीऱ्याचं ते हॉटेल आठवलं. आठवू द्यायचं नाही असं ठरवलेली ती गोष्ट होती. दीड वर्षापूर्वी दशरथला किडनी देता येते का पाहायला तिनं तपासण्या करून घेतल्या होत्या. तिनंच पुढाकार घेतला होता. दिराला, नणंदेला मधुमेह, मूलबाळ नाही, दुसरं होतं कोण. दशरथ नको नको म्हणत होता आणि ती त्याला गप्प करत होती. पण रोज रात्री झोपताना ती बरगड्यांखाली हात ठेवून बघायची, इथून कापतील, इथून, आणि हात तिथून काढायला धजायची नाही. नंतर एके दिवशी डॉक्टर म्हणाले, "बाई, क्रॉसमॅचमध्ये दोघांचं रक्त जुळलं नाही. तुमचं जमणार नाही." तिनं मान हलवली, बसमध्ये बसली, आणि काशीमीऱ्याच्या नाक्यावर उतरली तेव्हा तिला भूक लागली होती. कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी, पोट आत ओढणारी. महामार्गाच्या कडेला ट्रक लागलेले, गॅरेजांतून लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज, आणि त्या हॉटेलात पंख्याखाली बसून तिनं मसाला डोसा खाल्ला, एकटीनं, सगळा, चटणी पुन्हा मागून. थंड पाण्याचे दोन ग्लास प्यायली. दुसरा ग्लास खाली ठेवताना तिला कळलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय. घरी जाऊन तिनं त्याला रिपोर्टचं सांगितलं आणि ती रडली. ते रडणं खोटं नव्हतं. दशरथनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे गं. तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" त्या आठवड्यात तिनं मोजपात्र घरी आणलं. लोणचं बंद केलं, पापड बंद केले, मीठ मोजायला लागली, पोटॅशियम उतरावं म्हणून भाज्या उकडून पाणी टाकून द्यायला लागली. सगळं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, पण डॉक्टरांनी सांगितलं त्याच्यापेक्षा दोन पावलं पुढेच ती होती. लोक म्हणत, मृणालिनीनं केलं म्हणून तो माणूस उभा आहे. ते ऐकताना तिला त्या चटणीची चव यायची.

शनिवारी दोघं निघाले. दहिसर नाक्यावर नेहमीसारखी रिक्षा बदलावी लागली, ठाण्याकडची रिक्षा पुढे मुंबईच्या हद्दीत जात नसे. रस्ता ओलांडताना तिनं त्याचा दंड धरला. तो सुजलेला, गरम, जड होता, आतलं पाणी हाताला जाणवावं असा. "परवाबद्दल," तिनं बोलायला सुरुवात केली. एक टँकर हॉर्न देत गेला. "काय?" त्यानं विचारलं. "काही नाही. चपला सांभाळा." सेंटर पहिल्या मजल्यावर होतं, खाली औषधांचं दुकान. आत चार मशीनं, बाहेर बोळात एक लांब बाक. मृणालिनी कायम त्या बाकावर बसायची. जिना चढून तो आत जाई, ती पेपर काढून तपासायला घेई, आणि तो बाहेर येईपर्यंत उठत नसे. नळ्यांतून फिरणारं रक्त तिला बघवत नव्हतं. दाराच्या पडद्यापलीकडे नेमकं काय चालतं हे तिला पुस्तकातून चांगलं माहीत होतं. मशीनमधला पातळ पडदा, एका बाजूनं रक्त, दुसऱ्या बाजूनं खारं द्रावण, लहान रेणू पलीकडे जातात, मोठे राहतात, आणि दाबाच्या फरकानं जादा पाणी ओढलं जातं. वर्गात तिनं ते उदाहरण म्हणून एकदा सांगितलंही होतं. पण आत जाऊन त्याच्या शेजारी ती कधी बसली नव्हती.

आज ती आत गेली. त्याच्यासाठी नाही, तक्रार करायला. वजन चांगलंच वाढलं होतं, सिस्टर विचारतील, आणि आपण काळजी घेत नाही असं त्यांना वाटू नये, म्हणून. शेवंती सिस्टर दशरथच्या हाताला सुया लावून पट्ट्या चिकटवत होती. मृणालिनी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"सिस्टर, तुम्ही जरा समजावा यांना," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. घरी चोरून पाणी पितात. ड्रममधलं."

दशरथनं छताकडे पाहिलं. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं मान वळवली. शेवंतीनं आधी मशीनचा आकडा लावला, नंतर मृणालिनीकडे पाहिलं, आणि तिच्या आवाजात कसलाच ठपका नव्हता.

"घरी नाय प्यायचं हो, ते बरोबर आहे तुमचं. मी सांगते त्यांना. पण मॅडम, इथं प्यायला द्या ना. पहिल्या तासात आम्ही देतोच सगळ्यांना ग्लासभर. लगेच मशीन ओढून घेतं, अंगात राहत नाही. ते बघा, काका पोहे खातायत. तेवढंच जिवाला बरं वाटतं. तुमच्या मिस्टरांना पण मी दर खेपेला विचारते."

"मग?"

"नको म्हणतात. आमच्या मिसेसना चालायचं नाही म्हणतात."

मृणालिनीनं ते ऐकलं, आणि पहिली गोष्ट तिच्या डोक्यात आली ती अशी की आपण ते ग्लास पाहिलेले आहेत. बाकावर बसून. कुणाची बायको, कुणाचा भाऊ, भरलेला ग्लास हातानं झाकून पडद्याआड जाताना दिसायचा, आणि पेपरवरून नजर न उचलता ती म्हणायची, गोळ्यांसाठी असेल. एकदाही उठून विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही विषयात तिनं विचारलं असतं. शेवंती दुसऱ्या मशीनकडे गेली. मृणालिनी पलंगाच्या कडेला आली. त्याच्या दंडाजवळून दोन नळ्या जात होत्या, एक आत, एक बाहेर, तांबड्या, आणि त्या तिला वाटल्या होत्या तितक्या भयंकर नव्हत्या. हात लावला असता तर कोमट लागल्या असत्या इतकंच.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं?"

"इथे पाणी देतात म्हणून. घरी ते घाण पाणी प्यायलात, आणि इथे देतायत तर नको म्हणालात. का?"

दशरथ उत्तर तिला लागणार नाही अशा शब्दांत बसवायचा प्रयत्न करत होता, आणि ते तिला दिसत होतं.

"घरी प्यायलो तर तू माझ्यावर रागावतेस," तो म्हणाला. "इथे प्यायलो असतो तर या लोकांवर रागावली असतीस. ती पोरगी चांगली आहे."

बाहेर बोळात पाण्याचा कूलर होता, दर खेपेला ती कूलरशेजारी बसायची. तिनं शेवंतीकडून स्टीलचा ग्लास मागून घेतला, विसळला, भरला. काठोकाठ भरला. मोजपात्राच्या खुणा डोळ्यांसमोर आल्या, त्या तिनं पुसून टाकायचा प्रयत्न केला आणि तरी कळलंच, की हे दिवसाच्या हिश्श्याच्या जवळपास निम्मं झालं. पाणी ग्लासाच्या कडेवर किंचित फुगून उभं होतं, सांडत नव्हतं. चालताना एक थेंब तिच्या मनगटावर आला. परळला, लग्नानंतर पहिल्यांदा त्याला पाणी नेऊन दिलं होतं तेव्हाही हात असाच जपून धरला होता का, तिला आठवेना. काशीमीऱ्याचं त्याला सांगावं असं तिच्या जिभेपर्यंत आलं. पण ते सांगणं स्वतःसाठी झालं असतं, आणि आज त्याच्या तासातला वेळ स्वतःसाठी घ्यायचा नव्हता.

"घ्या," ती म्हणाली. "थंड आहे."

त्यानं मोकळ्या हातात ग्लास घेतला. तोंडाजवळ नेला. पाण्याचा गारवा त्याच्या वरच्या ओठाला लागला असावा, कारण नाकपुड्या हलल्या. आणि तो थांबला. डोळे वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. त्याचा कंठ एकदा कोरडाच खाली गेला. ती त्याच्याकडे पाहत होती, चेहरा होईल तितका मऊ करून, आणि तिला कळत होतं की तो चेहरा त्याला मऊ दिसत नाहीये. दोन वर्षांत तिच्या चेहऱ्याची जी ओळख त्याला झाली होती ती एका ग्लासानं जाणार नव्हती.

"प्या ना," ती म्हणाली. "मीच आणलंय."

"हो. पितो."

पण प्यायला नाही. ग्लास छातीशी धरून बसला. म्हाताऱ्यानं पोह्यांची ताटली बाजूला ठेवली. कुठल्याशा मशीननं बारीक शिटी दिली आणि शेवंती तिकडे वळली.

"मृणाल," तो हलकेच म्हणाला, "तू जरा बाहेर बसतेस का? पेपर राहिले असतील ना तुझे."

पेपर नव्हते. मे महिन्यात कसले पेपर. त्यालाही ते माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "बसते."

तिनं पर्स उचलली. त्याच्या हातातल्या ग्लासाकडे एकदाही न बघता ती वळली, दाराशी आली, आणि तिच्या मागे काही हललं, ग्लासाची कड दातांना लागावी तसा आवाज झाला, की झाल्यासारखा वाटला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. बाहेर जाऊन तिनं पडदा ओढला, आणि कडेला जी बोटभर फट राहत होती तीही कापड चिमटीत धरून बंद केली.